डोहातल्या तळमाशांची मोजदाद

वाशीमच्या बाजारात माझी नोकरी काय आहे हे सांगायला आमचे वडील लाजायचे. गावाच्या कडेला आमचा मळा होता आणि भाजीवर घर चालायचं. ओळखीचं माणूस विचारायचं, "पोरगा काय करते तुमचा?" वडील म्हणायचे, "सरकारीत हाय." पुढचा प्रश्न येतोय असं दिसलं की ते वांग्यांवर पाणी शिंपडायला वळायचे. त्यांचा मुलगा नद्यांमधले मासे मोजत फिरायचा, आणि आमच्या घरात मासळी उंबऱ्याच्या आत येत नसे.

नदीच्या तळाला बसलेले मासे मोजता येतात का, असं मला आजही विचारतात. सगळे येत नाहीत. पण वडील वांग्याच्या वाफ्यात किडीचा अंदाज घ्यायला दरवेळी नेमक्या त्याच दोन सऱ्यांमधून चालत जायचे, तेवढ्यावरून त्यांना सगळ्या मळ्याची हालत कळायची. आमचं काम तसंच. डोह ठरलेला, डोहातला पट्टा ठरलेला, जाळं तेच, त्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी आणि वरच्या दोरीला वाळलेले भोपळे. दोन डोंग्यांवरून ते जाळं तळ खरवडत एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत ओढायचं. याला आम्ही 'ओढ' म्हणायचो. जाळ्यात जे येईल ते जातवार मोजायचं, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी घ्यायची आणि जिवंत असतील ते परत सोडायचे. मेलेल्यांची पोटं फाडून ते काय खातात ते पाहायचं. दुसऱ्या वर्षी त्याच हंगामात पुन्हा तिथेच जायचं. शिंगटी वाढली की घटली, वाम लहान येऊ लागली का, हे असं कळतं. तळाचे मासेच का, तर वरचे मासे जाळ्याची चाहूल लागताच पळतात. तळाचा मासा चिखलात बसून राहतो, म्हणून त्याची गणती त्यातल्या त्यात खरी.

तेव्हा मोठी लढाई चालू होती. धान्याची ओढाताण होती आणि नद्यांत खायला काय आहे याचा हिशेब सरकारला हवा होता. म्हणून माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माळ्याच्या पोराला हे काम मिळालं. मला पोहता येत नाही हे मी अर्जात लिहिलं नव्हतं. डोंग्यात पाय ठेवला की मी दोन्ही हातांनी त्याचे काठ घट्ट धरायचो. सगळी नोकरी मी असे काठ धरूनच केली. पण खऱ्या भीतीची गोष्ट सांगायची तर ती पाण्यातली नाही, काठावरची आहे.

पैनगंगेच्या काठी एक गाव होतं. त्याचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. वैशाखात नदी वाहायची थांबली होती, फक्त डोह उरले होते. गाव त्याच डोहाचं पाणी प्यायचं, तिथेच धुणं, तिथेच ढोरं. आम्ही वाळूत राहुटी ठोकली. माझ्याबरोबर जाळं ओढणारे भोई होते, त्यांचा म्होरक्या सुखदेव. चाळिशीतला, काळा, रुंद छातीचा माणूस. हसला की पुढचा तुटका दात दिसायचा. त्याचा धाकटा भाऊ महादू दुसरा डोंगा सांभाळायचा. आमचे साहेब वाशीमलाच होते, ओढी झाल्या की पाहायला येणार होते.

उन्हाळ्यातलं डोहाचं पाणी म्हणून साहेबांनी मला लाल दवेची डबी दिली होती. पाण्याच्या घागरीत तिची चिमूट टाकायची, पाणी गुलाबी व्हायचं, जरा वेळाने प्यायचं. सुखदेव तोंड वाकडं करायचा.

"बाबू, हे पानी हाय का शाई?"

"पी गपचूप. पोट बिघडणार नाही."

"मी भोई हाय. माह्या पोटात नदीच हाय."

रोज सकाळी घागर धुताना उरलेलं गुलाबी पाणी मी नदीत ओतायचो. कोण पाहतंय याचा विचारही मनात आला नव्हता.

पहिली ओढ झाली तेव्हा निम्मं गाव काठावर जमलं होतं. तळाचा काळा चिखल वर आला, पाणी गढूळ झालं, शिंगट्या फडफडल्या, बाया हसल्या. गोविंदा नावाच्या एका शेतकऱ्याने तर दोराला हात लावून मदत केली. त्याची बायको घागर घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, "मोजून काय करता? मोजल्यानं मासे वाढतेत काय?" मी म्हटलं, "वाढत नाहीत, पण घटले तर कळतं." तिला ते पटलं नसावं.

त्यानंतर गावात मरी आली.

आम्हाला ती कळली ती बायकांच्या रडण्यावरून. मग पुन्हा एका घरातून रडणं ऐकू आलं. पाटलांनी कोतवालाला वाशीमला खबर द्यायला पाठवलं, एवढं महादू ऐकून आला. जुलाब, उलट्या, आणि सूर्य माथ्यावर येईपर्यंत धडधाकट माणूस संपत होतं. मी सुखदेवला म्हटलं, "सामान बांधा, निघू." आम्ही जाळं गोळा करत होतो, तेवढ्यात गावाच्या बाजूने माणसं येताना दिसली. त्यांच्या हातांत काठ्या होत्या. सगळ्यांच्या पुढे गोविंदा होता. त्याचं डोकं उघडं होतं आणि अंगात सदरा नव्हता. त्याची बायको त्या सकाळी गेली होती.

आधी त्यांनी आमच्या गाडीचे बैल सोडून गावाकडे हाकलले. मग डोंगे ओढून वाळूत पालथे घातले. सगळं न बोलता. आरडाओरडा झाला असता तर मला इतकी भीती वाटली नसती.

गोविंदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "लाल बुकनी कुठी हाय?"

"कोणती बुकनी?"

"माह्या बायकोनं डोयानं पाह्यलं. तू रोज सकाळी लाल पानी नदीत टाकत होता. मले सांगतलं तिनं. मी म्हनलं, सरकारी मानूस हाय, असं नाही करनार." त्याने वाळूतल्या जाळ्याकडे बोट दाखवलं. "म्या तुह्या जाळ्याले हात लावला होता रे."

ती डबी माझ्या कमरेला धोतराच्या गाठीत होती. सकाळी घागरीत दवा टाकून मी ती तिथेच खोचली होती. माझी पेटी त्यांनी वाळूत उलटी केली. फूटपट्टी, तराजू, चाकू, कात्री. डबी सापडली नाही. कमरेच्या त्या जागी मला चटका बसत होता, जणू कुणी निखारा खोचला आहे. ती औषधाची आहे हे सांगून कोणी ऐकलं नसतं. लाल बुकणी सरकारी माणसाच्या कमरेतून निघाली असती आणि पुढचं ऐकायला मी उरलो नसतो.

पाटील मध्ये आले. म्हातारे होते, पण त्यांचा शब्द चालायचा. "थांबा. इचारू तर द्या. बाबू, डोहात तुमी काय टाकलं?"

"काही नाही पाटील. देवाची आण."

"मंग पेऊन दाखव!" मागून कोणी ओरडलं. सगळ्यांनी ते उचललं. "पेऊन दाखव! याच डोहाचं पेऊन दाखव!"

मी डोहाकडे पाहिलं. त्या पाण्यात विष नव्हतं. पण त्यात मरी होती, हे मला ठाऊक होतं. वाशीमला साथ आली की दवंडी पिटत: पाणी उकळून प्या. याच डोहात आजारी माणसांचे कपडे धुतले जात होते, आणि त्याच काठावरून घागरी भरून चालल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "पिऊ नका! तुम्ही पण पिऊ नका हे पाणी. उकळून प्या!"

गोविंदा गर्दीकडे वळला. "आयकलं? सोता सांगून राह्यला, पेऊ नका म्हनून."

काठ्या वर झाल्या. आता काहीही बोललो असतो तरी ते कबुलीच झालं असतं.

तेवढ्यात सुखदेव गर्दीतून वाट काढून पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने गर्दीकडे तोंड केलं. त्याच्या मनात काय आहे ते माझ्या ध्यानात आलं. "सुखदेव, नको!" मी ओरडलो.

"बाबू, तुमी चूप राहा," तो म्हणाला. त्याने ओंजळ भरली आणि प्याला. पुन्हा भरली, पुन्हा प्याला. हनुवटीवरून पाणी छातीवर ओघळत होतं. "पाह्यलं काय? जहर असतं तर मी पेलो असतो काय? आमी बापजाद्यापासून हेच पानी पेत आलो."

काठ्या खाली आल्या. पण पाटील म्हणाले, "जहर कवा कवा हळू चढते. इथून कोनी हलू नका. याले काही झालं नाही तर जा खुशाल." राहुटीपासून थोड्या अंतरावर करंजाच्या झाडाखाली पाच-सहा जण काठ्या घेऊन बसले आणि बाकीचे गावात गेले.

सुखदेव ओल्या अंगानेच येऊन चुलीपाशी बसला. मी डबी राखेखाली पुरत होतो. त्याने ते पाहिलं आणि हसला. "तुमच्या शाईनं मारलं असतं आपल्याले."

"काहून पेला तू?" मीही त्याच्याच बोलीत बोललो. नोकरीत मी ती सोडली होती, भीतीने ती परत आली.

"तुमी पेले असते काय?"

मी राख दाबत राहिलो. तो म्हणाला, "मंग? कोनी तरी पेयाचंच होतं. माह्या पोटात नदीच हाय, सांगतलं ना तुमाले."

त्या क्षणापासून मी त्याच्याकडेच पाहत होतो. तो जेवला, मी त्याचा घास पाहिला. तो झोपला, मी त्याचा श्वास ऐकला. सकाळी तो उठून भाकरी भाजायला बसला तेव्हा मला जरा धीर आला. ऊन चढलं आणि तो भाकरी तशीच टाकून राहुटीमागे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बाबू," तो हळूच म्हणाला, "आलं वाटते."

करंजाखालची माणसं तंबाखू मळत बसली होती. त्यांना एवढंच पाहायचं होतं, की सुखदेवला काही होतं का. त्याला झालं तर विष सिद्ध, आणि आम्ही संपलो. आम्ही त्याला राहुटीत आत निजवलं आणि पडदा सोडला.

"कुठी गेला तो?" एकाने ओरडून विचारलं.

"ऊन लय हाय, झोपला," महादू म्हणाला.

पडद्यामागे सुखदेवला जुलाब आणि उलट्या थांबत नव्हत्या. तांदळाच्या धुवणासारखं पाणी जात होतं. वास बाहेर येऊ लागला. मी मोजणीसाठी ठेवलेल्या मेलेल्या शिंगट्यांची टोपली ओढून घेतली आणि राहुटीच्या तोंडाशी बसून एकेकीचं पोट फाडू लागलो. कडक उन्हात ती घाण अशी सुटली की करंजाखालच्या माणसांनी नाकाला धोतराचं टोक लावलं. महादू टोपलीत भावाची घाण पुसलेली चिंधी घालायचा, तिच्यावर माशांची आतडी टाकायचा आणि लांब खड्ड्यात पुरून यायचा. मी फाडत राहिलो. तळमाशांच्या पोटात चिखल, गोगलगायी, किडे असतात. ते मी एरवी वेगळे काढून लिहून ठेवायचो. त्या दिवशी माझ्या हातांना काय लागत होतं ते मला कळत नव्हतं. मागून दबका आवाज यायचा, "बाबू, पानी." मी चुलीवर उकळून ठेवलेलं मिठाचं पाणी आत सरकवायचो. ते लगेच उलटून पडायचं.

दुपार कलली तेव्हा गावाकडून एक म्हातारी काठी टेकत आली. करंजाखालची माणसं उठून उभी राहिली, पण तिला कोणी अडवलं नाही. ती गोविंदाची आई होती, जिची सून आदल्या दिवशी गेली होती. ती सरळ माझ्यापुढे येऊन वाळूत बसली. माझे हात कोपरापर्यंत रक्तात होते.

"तुह्यं तोंड पाह्याले आली मी," ती म्हणाली. "काहून केलं रे बापू? काय केलं होतं तिनं तुह्यं?"

"माय, मी काही केलं नाही."

ती काही बोलणार, तेवढ्यात आतून सुखदेव कण्हला. पायांत गोळे आले की माणूस जसा कण्हतो, तसा. म्हातारीची मान वळली. मी उठून आडवा व्हायच्या आत तिने काठीने पडदा बाजूला केला होता.

आत सुखदेवचे डोळे खोल गेले होते. गाल बसले होते. एका दिवसापूर्वीचा तो रुंद माणूस आपल्याच कातडीत सैल पडला होता. म्हातारी वाकली, त्याचा हात हातात घेतला आणि बोटं पाहिली. धुणं धुतल्यावर होतात तशी ती सुरकुतली होती. मग तिने वळून गावाकडे तोंड केलं आणि जीव खाऊन हाक मारली, "गोविंदा! ए गोविंदा!"

संपलं, असं मी मनात म्हटलं. महादूने चाकू उचलला. मी त्याचं मनगट धरलं. करंजाखालची माणसं धावत आली, पाठोपाठ गोविंदा काठी घेऊन. म्हातारी राहुटीच्या तोंडाशी उभी होती आणि तिने कोणाला आत येऊ दिलं नाही, फक्त लेकाला दंडाला धरून पुढे ओढलं.

"पाह्य याच्याकडं."

गोविंदाने पाहिलं.

"पाह्य ना नीट. डोये पाह्य, बोटं पाह्य. अशीच होती ना ती काल? याले तेच झालं, जे आपल्या घरात झालं. ज्यानं जहर टाकलं तो सोता पेईन काय? आन् पेला तर त्याले इलाज ठाऊक नसन काय?"

गोविंदा खाली बसला. त्याने काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीही त्याच्यासमोर वाळूत बसलो, माशांच्या आतड्यांमध्ये.

म्हातारी मला म्हणाली, "काल काय म्हनत होता तू? उकळून?"

"हो माय. खळखळ उकळून. थंड करून प्यायचं. आजाऱ्याचे कपडे डोहात नका धुऊ."

"मंग कालच असं सांगायचं." मी तेच सांगितलं होतं, पण तिला काय म्हणणार! तिने माणसांना घरोघर पाठवलं. आमच्याच चुलीवर तिने मूठभर तांदळाची पातळ पेज रांधली, मीठ घातलं आणि सुखदेवचं डोकं मांडीवर घेऊन वाटीने पाजत बसली. आम्ही जे दिलं ते सगळं त्याने ओकलं होतं. तिची पेज तो थेंब थेंब घेत राहिला.

आमचे बैल कुठे भटकले होते कोण जाणे. गोविंदाने स्वतःची जोडी जुंपली आणि तोच हाकायला बसला. सगळ्या वाटेवर तो एकदाच बोलला. "तुमी सकाळीच सांगतलं असतं ना, तो बीमार पडला म्हनून..." आणि वाक्य तसंच सोडून त्याने बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. कारण सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

वाशीमच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सुखदेव जिवंत होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "किती वेळ झाला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "उशीर केलात." त्यांनी हातून होईल ते केलं. दुसऱ्या दिवशी सुखदेव गेला. आम्ही पडदा सोडला नसता, सकाळीच त्याला उघड्यावर आणून दाखवलं असतं, तर म्हातारीने तेव्हाच ओळखलं असतं का? की तिच्याआधी काठ्या आल्या असत्या? मी हे दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा मोजून पाहिलं आहे, की आता मोजदादीवरचा विश्वास उडाला आहे.

त्या गावात आणखीही माणसं गेली. उकळलेल्या पाण्याने साथ थांबली असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. लस टोचणारेही मागाहून पोचले होते. पण कोतवाल सांगत आला, की घरोघर चुलीवर पाण्याची भांडी चढली होती आणि म्हातारी काठी घेऊन प्रत्येक चुलीपाशी डोकावत होती.

पुढच्या वैशाखात साहेबांनी फिरतीचा हुकूम काढला, त्यात तोच डोह होता. दुसरा डोह घेऊ द्या, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "जागा बदलली तर गेल्या साली मोजलं ते वाया गेलं." माझंच शास्त्र मला शिकवत होते. मी महादूला येऊ नको म्हटलं, तो आला. गाडी गावाच्या शिवारात शिरली तेव्हापासून मी गाडीची कड घट्ट धरून बसलो होतो. माणसं काठावर जमली होती. हात रिकामे होते, तरी मी आधी हातच पाहिले.

गोविंदा धोतर खोचून पाण्यात उतरला आणि दोर धरला. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण उतरले. म्हातारी काठाशी बसली होती. तिने मला हाताने बोलावलं.

"तो कुठी हाय? तो तुटक्या दाताचा?"

सुखदेव वाशीमला वारला हे गोविंदाने तिला सांगितलंच नव्हतं. मी गोविंदाकडे पाहिलं; तो दोराकडे पाहत होता. त्या गावात, त्या काठावर, ते शब्द उच्चारायची मला वर्षभर भीती वाटत आली होती. पण तिच्याशी खोटं बोलायची जास्त वाटली.

"तो गेला, माय. दवाखान्यातच गेला."

तिने डोहाकडे तोंड फिरवलं. मग तिने विचारलं, "पेज ठरली होती काय त्याच्या पोटात?"

"ठरली होती. वाटेत ओकला नाही."

"मंग उपाशी नाही गेला," ती म्हणाली. काठीचा आधार घेऊन ती उठली आणि पाण्यात उतरलेल्या माणसांवर खेकसली, "ए पोट्टेहो! आधी वर या, माठातलं पानी पेऊन घ्या. उकळून आनलं हाय. मंग ओढा काय ओढायचं ते."